वही उघडी ठेवा : गोव्यातल्या गावात बचत गट उभा करण्याची रीत

सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा तिथला गट मोडून दोन महिने झाले होते. बारा बायका, तीन वर्षांची बचत, बँकेत खातं, सगळं रीतसर. भांडण झालं ते अठराशे रुपयांवरून. ते कुणी खाल्ले नव्हते. एकीने दिलेला हप्ता वहीत दुसरीच्या नावावर चढला होता आणि ती वही सचिवाशिवाय कुणी उघडूनच पाहिली नव्हती. चूक सापडायला मला अर्धा तास लागला. तोवर दोन शेजारणींचं एकमेकींच्या दारात जाणं बंद झालं होतं.

गट मोडल्याच्या जितक्या गोष्टी मी ऐकल्या, त्यांत पैसे खरोखर लाटल्याच्या थोड्या आणि वही बंद राहिल्याच्या पुष्कळ. म्हणून या लेखात हिशेबाला जास्त जागा दिली आहे. कर्ज, योजना, बँक हे सगळं त्यानंतर येतं.

आधी फरक समजून घ्या

आपल्याकडे भिशी जुनी आहे. दहाजणी दरमहा ठरलेली रक्कम घालतात, चिठ्ठी निघते, एकीला सगळी रक्कम मिळते, दहा महिन्यांनी हिशेब संपतो. त्यात वाईट काही नाही, पण भिशीत पैसा साठत नाही आणि अडचण आली त्याच महिन्यात तुमची चिठ्ठी निघेल असंही नाही. बचत गटात पैसा गटाचाच राहतो. ज्या बाईला गरज आहे तिला तो कर्जाऊ जातो, व्याजासह परत येतो आणि ते व्याज सगळ्यांच्या मालकीचं होतं.

दुसरा घोळ होतो तो दारावर येणाऱ्या फायनान्स कंपन्यांमुळे. त्याही पाच-दहा बायकांना एकत्र बसवतात, त्यालाही ‘ग्रूप’च म्हणतात. पण तिथे तुमची बचत नसते आणि व्याज कंपनीला जातं. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांच्या दारात माणूस उभा राहतो. असं कर्ज घेऊ नका असं मी म्हणणार नाही, वेळ कुणावरही येते. फक्त त्याला बचत गट समजू नका.

नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग १९९२ मध्ये ५०० गटांपासून सुरू केला. २०११ मध्ये केंद्राचं राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं आणि महिला गटांचं काम त्याच्याखाली गेलं. गोव्यात हे काम गोवा राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून चालतं. आपल्या तालुक्याच्या गटविकास कार्यालयात, म्हणजे लोक ज्याला ‘बीडीओ ऑफीस’ म्हणतात तिथे, जाऊन चौकशी करा. गट आधी उभा करून मग गेलात तरी चालतं. माझ्या मते तेच बरं.

माणसं निवडणं

दहा ते वीस सदस्य ही रूढ मर्यादा आहे. डोंगराळ, विरळ वस्तीत आणि अपंग व्यक्तींच्या गटात पाचजणींवरही भागतं, त्यामुळे धनगर वाड्यासारख्या चार-सहा घरांच्या वस्तीने हिरमुसून जाऊ नये. मला विचाराल तर बारा हा आकडा चांगला. दोघी-तिघी गैरहजर राहिल्या तरी बैठक होते आणि बाराजणींचं ऐकून घ्यायला तास पुरतो.

एकाच वाड्यावरच्या बायका घ्या, ज्या पावसात छत्री घेऊन पाच मिनिटांत येऊ शकतील. एका घरातून एकच. सासू-सून दोघी गटात आल्या की कर्जाच्या वेळी एकाच घराचे दोन हात वर होतात आणि हप्ता थकला की दोन्ही एकदम थकतात. कमाईत फार तफावत नको. नवऱ्याची सरकारी नोकरी असलेली बाई आणि काजूच्या बागेत रोजाने जाणारी बाई एका गटात बसल्या, तर बचतीची रक्कम पहिली ठरवते आणि चुकते दुसरीची.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) किंवा निवडणुकीच्या तोंडावर पंचायतीचा एखादा पंच येऊन ‘नावं द्या, योजना येणार आहे’ म्हणतो, तेव्हा घाईने झालेले गट मी पाहिले आहेत. योजना येते किंवा येत नाही, गट मात्र पुढच्या चवथीपर्यंत टिकत नाही. एकमेकींना उसने पैसे देण्याची ज्यांची आधीपासून सवय आहे, अशा बायकांपासून सुरुवात करा. ती ओळख कुठल्याही यादीपेक्षा खरी असते.

पहिल्या तीन बैठका : नियम

पहिल्या बैठकीत पैसे गोळा करू नका, नुसतं बोला. दुसऱ्या बैठकीत नियम ठरवा. तिसऱ्या बैठकीत ते वाचून दाखवा, प्रत्येकीची सही किंवा अंगठा घ्या आणि त्याच दिवशी पहिली बचत जमा करा.

बचतीची रक्कम ठरवताना गटातल्या सर्वांत अडलेल्या बाईचा सर्वांत वाईट महिना डोळ्यांसमोर आणा. गोव्यात तो बहुतेक जुलै असतो. मार्च ते मे काजूचे पैसे हातात असतात, त्या दिवसांत पाचशे रुपये सहज वाटतात. मग मुलांच्या शाळा, पावसाळ्याची बेगमी, पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवायची) सुकी मासळी, मिरची, तांदूळ हे सगळं एकदम येतं, रोजंदारी बंद होते आणि त्याला लागूनच चवथ उभी राहते. जुलैत जमेल तेवढीच बचत बारा महिने ठेवा. माझ्या ओळखीच्या बहुतेक गटांत ती महिना दोनशे आहे. शंभरानेही गट चालतो. सगळ्यांची रक्कम सारखी असावी, नाहीतर व्याजाच्या वाटणीत गुंता होतो.

राज्य सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याचे १५०० रुपये ही बऱ्याच घरांत बाईच्या हातात येणारी एकमेव रक्कम असते. त्यातून बचत करा, पण बैठकीची तारीख त्यावर बांधू नका. जमा व्हायला मागेपुढे झालं की ‘पैसे आले की देते’ सुरू होतं आणि शिस्त पहिल्याच वर्षी जाते.

बैठक आठवड्याची की महिन्याची? अभियानाचा आग्रह आठवड्याचा असतो. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्या, हॉटेलात काम करणाऱ्या बायकांना ते कठीण जातं, हे मान्य. तरीही पहिले तीन महिने आठवड्याला पन्नास रुपये असंच करा. बैठकीला येण्याची आणि सगळ्यांसमोर पैसे मोजण्याची सवय त्या बारा आठवड्यांत लागते. पुढे महिन्यावर या, पण दिवस ठरलेला हवा. ‘पहिला रविवार, दुपारी चार, देवळाच्या सभागृहात’ इतकं नेमकं.

नियमांच्या पानावर एवढं तरी हवंच :

- बचत किती, कोणत्या दिवशी, चुकल्यास दंड किती (दहा-वीस रुपये पुरे, दंड लाजेपुरता असतो, कमाईसाठी नव्हे)
- कर्ज कोणाला आधी, जास्तीत जास्त किती, किती महिन्यांत फेड, व्याज काय
- अध्यक्ष, सचिव, खजिनदार दर वर्षी-दोन वर्षांनी बदलणार
- तिघींपैकी कुणी दोघींच्या सहीने बँकेतून पैसे
- हातातली रोकड जास्तीत जास्त किती आणि ती कुणाकडे
- सदस्य गट सोडून गेली, वारली किंवा लग्न होऊन दुसरीकडे गेली तर हिशेब कसा

शेवटचा नियम लिहायला बायका तयार होत नाहीत. ‘आत्ताच अशुभ कशाला?’ म्हणतात. तरी लिहून घ्या. त्याची गरज पडते त्या दिवशी कुणाचंच डोकं जाग्यावर नसतं.

आणखी एक. गटाबाहेरच्या कुणाकडूनही ठेव घेऊ नका, गावातल्या कुणी कितीही विश्वासाने ‘माझे वीस हजार तुमच्याकडे राहू द्या’ म्हटलं तरी. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा आहे. बचत गटाला त्यात मोकळीक मिळते ती सदस्यांच्या पैशापुरती.

बँकेत खातं

गटाची नोंदणी सोसायटी म्हणून करावी लागत नाही. ठराव हवा : गटाचं नाव, सदस्यांची यादी, खातं उघडण्याचा निर्णय, सही कुणाची. सोबत नियमांची प्रत आणि पदाधिकाऱ्यांची आधार, फोटो वगैरे कागदपत्रं.

इथे एक गोष्ट पक्की माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बचत खातं उघडताना सगळ्या सदस्यांची केवायसी लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. सगळ्यांची कागदपत्रं पुढे कर्जाच्या वेळी मागितली जाऊ शकतात. गटाचं पॅन कार्ड नसेल तर तसं सांगणारा ठरलेला फॉर्म भरून देता येतो. हे माहीत नसल्यामुळे मी स्वतः एका शाखेत तीन वेळा परत फिरले आहे, दर वेळी बाराजणींचे कागद घेऊन आणि त्यांतल्या दोघींचा रोज बुडवून. चौथ्या वेळी नियम छापून नेला आणि शांतपणे व्यवस्थापकांसमोर ठेवला. खातं त्याच दिवशी उघडलं.

खातं कुणा एकीच्या नावावर ‘तात्पुरतं’ काढू नका. गटाच्याच नावावर हवं.

चार वह्या आणि एक सवय

आपल्या गावांत बैठकीतलं बोलणं कोंकणीत होतं आणि वही मराठीत लिहिली जाते. त्यात काही अडत नाही, पण लिहिलेलं पुन्हा कोंकणीत सांगितलं गेलं पाहिजे. ‘समजलें मगो सगळ्यांक?’ असं विचारून भागत नाही. एकीला तिचं तिचं सांगायला लावा : तुझी बचत किती झाली, तुझं कर्ज किती राहिलं?

वह्या चार. पहिली हजेरी आणि ठरावांची. दुसरी रोकड वही, त्या दिवशी काय आलं, काय गेलं. तिसरी खातेवही, प्रत्येकीचं एक पान, डावीकडे बचत, उजवीकडे कर्ज. चौथी प्रत्येकीच्या हातात राहणारी छोटी पासबुकं. वही आणि पासबुक यांत एकाच बैठकीत, एकाच हाताने, समोरासमोर नोंद व्हावी. ‘घरी जाऊन लिहिते’ हे वाक्य कधीही चालवून घेऊ नका, सचिव कितीही हुशार असो.

रोकड वहीतलं एक पान कसं दिसतं ते दाखवते. बारा सदस्यांचा गट, महिन्याची बैठक.

मागची शिल्लक १,३४०. आज बचत आली २,४०० (बाराजणी, प्रत्येकी २००). कर्जाचे हप्ते ३,०००. व्याज २६०. दंड २०. एकूण ७,०२०. आज एकीला कर्ज दिलं ६,०००. नवी वही आणि पेन ४०. उरले ९८०.

आता महत्त्वाचं. हे ९८० वहीत लिहिण्याआधी पेटीतले पैसे चटईवर काढा आणि जिला लिहिता-वाचता येत नाही त्या बाईला मोजायला द्या. तिने ‘नवशें ऐंशी’ म्हटलं की मग सचिवाने आकडा लिहायचा. तिचा आकडा आणि वहीचा आकडा जुळला नाही तर बैठक तिथेच थांबवा, मग बस चुकली तरी हरकत नाही. एका महिन्याची चूक पंधरा मिनिटांत सापडते. वर्षाची चूक सापडते तेव्हा माणसं तुटलेली असतात.

डिचोलीकडच्या एका गटात सत्तरी ओलांडलेली एक काकी आहे, तिला अक्षर ओळखता येत नाही. तिने पासबुकाच्या मागच्या पानावर दर दोनशेला एक उभी रेघ मारून घेतली आहे, पाचवी आडवी. दोन वर्षांपूर्वी वहीत तिची एक बचत राहून गेली होती. रेघा एकवीस आणि वहीत वीस नोंदी. सचिवाने मागची हजेरी काढून पाहिली, रेघ खरी निघाली.

आतलं कर्ज : गट इथे घडतो

दोन-तीन महिन्यांची बचत झाली की कर्ज द्यायला सुरुवात करा. बँकेच्या खात्यात पैसे नुसते साठवून ठेवणारे गट मला आवडत नाहीत. बँक बचत खात्यावर देते ते व्याज थोडं, आणि गटातलीच एखादी बाई त्याच महिन्यात सोनं गहाण ठेवायला म्हापशाला जाते, हे कसं चालेल? शिवाय लहान रक्कम देऊन-घेऊन जी पारख होते, ती मोठ्या कर्जाच्या वेळी उपयोगी पडते. दोन हजार वेळेवर फेडणारी कोण, हे माहीत नसताना चाळीस हजार देणार कशाच्या बळावर?

व्याज बहुतेक गट महिन्याला शेकडा एक ते दोन ठेवतात. दोन जास्त वाटतं, पण ते व्याज तुमच्याच पेटीत येतं. मात्र ते नेहमी उरलेल्या मुद्दलावर लावा. सहा हजार कर्ज, सहा हप्ते, दर शेकडा दोन असं धरा. पहिल्या महिन्याचं व्याज १२०. हजार फेडल्यावर उरले पाच हजार, त्यावर १००. मग ८०, ६०, ४०, २०. एकूण ४२०. हेच जर दर महिन्याला मूळ सहा हजारांवर १२० घेत गेलात तर ७२० होतात. तीनशे रुपये त्या बाईकडून उगाच गेले. काही गट सोपं पडतं म्हणून असं करतात. करू नका. सचिवाची सोय त्या बाईच्या तीनशे रुपयांपेक्षा मोठी नाही.

एकाच बैठकीत तिघींनी मागितलं आणि पैसे एकीपुरतेच असले तर? क्रम आधीच ठरलेला असावा. आजारपण पहिलं, मग शाळा-कॉलेज, मग कमाईच्या कामासाठी, मग घर, शेवटी सण. सणाला शेवटी ठेवल्याबद्दल माझ्याशी पुष्कळजणींनी वाद घातला आहे. चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधायची नाही का, माहेरी जायचं नाही का? जायचंच. पण चवथ दर वर्षी येते हे आपल्याला माहीत असतं, मुलाचा ताप माहीत नसतो. काही गटांनी यावर छान तोड काढली आहे : महिना पन्नास रुपये चवथीसाठी वेगळे काढायचे, ते कर्जाऊ द्यायचे नाहीत आणि चवथीच्या आधीच्या बैठकीत जशास तसे परत करायचे. सहाशे रुपयांनी माटोळीचं सामान, नारळ, गूळ, रवा याला मोठा आधार होतो.

कर्ज मागणाऱ्या बाईने कारण सगळ्यांसमोर सांगायला हवं. इथे जरा कान उघडे ठेवा. खाणपट्ट्यातल्या गटांनी हे फार सोसलं आहे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, पुन्हा २०१८ च्या मार्चमध्ये. दारात ट्रक उभे राहिले आणि त्यांचे हप्ते चालू राहिले. घरात पैसा येण्याची एकच वाट उरली, बाईचा गट. ‘शिलाई मशीन घेते’ म्हणून उचललेले पैसे ट्रकच्या थकलेल्या हप्त्यात गेले. त्या बायकांना मी दोष देणार नाही, कुणालाही देता येणार नाही. पण पंधरा हजारांनी ट्रकचं कर्ज फिटत नाही आणि गट मात्र बुडतो. अशा वेळी मोठ्या कर्जाला नाही म्हणा आणि घरखर्चापुरतं लहान कर्ज हो म्हणा. नाही म्हणायचं काम अध्यक्षांवर एकट्याने टाकू नका. निर्णय गटाचा, शब्द सगळ्यांचे.

हप्ता थकला तर पहिल्याच महिन्यात दोघींनी तिच्या घरी जावं, पैसे मागायला नव्हे, विचारायला. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा आत काहीतरी घडलेलं असतं, आजारपण, नवऱ्याचं सुटलेलं काम, आणि ती लाजून बैठकीला येत नसते. हप्ता लहान करून मुदत वाढवा आणि तसा ठराव लिहा. तीन महिने गप्प बसून चौथ्या महिन्यात देवळासमोर बोलणं काढलं, की पैसेही जातात आणि बाईही जाते.

बँकेचं कर्ज

सहा महिने बैठका, बचत, आतलं कर्ज, फेड आणि वह्या या पाच गोष्टी नियमित चालल्या की गट बँकेच्या कर्जाला पात्र ठरू शकतो. या पाचांना पंचसूत्री म्हणतात आणि गटाची तपासणी त्यांवरच होते. सहा महिने मोजायचे ते वहीवरून, बँकेत खातं कधी उघडलं त्यावरून नव्हे. म्हणून पहिल्या दिवसापासूनची वही जपा. अभियानात असलेल्या गटाला फिरता निधीही मिळतो. तो वाटून घ्यायचा नसतो, कर्जाच्या फेऱ्यात घालायचा असतो.

बँकेत जाताना हे नियम ठाऊक असू द्या. पहिलं कर्ज गटाच्या जमा निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांपैकी जे जास्त असेल ते. इथे निधी म्हणजे बचत, त्यात जमलेलं व्याज, फिरता निधी सगळं धरून. दहा लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, गटाच्या बचत खात्यावर बोजा चढवायचा नाही, ‘आधी एवढी मुदत ठेव करा’ असंही सांगायचं नाही. अभियानातल्या महिला गटांना तीन लाखांपर्यंत ७ टक्के दराची सवलत आहे. ती तुमच्या खात्याला लागली आहे का, हे तोंडी नको, मंजुरीच्या पत्रावर पाहून घ्या.

आता सर्वांत मोठी चूक. दीड लाख आले, बाराजणी, प्रत्येकीला साडेबारा हजार. वाटप दहा मिनिटांत आटोपतं, सगळ्या खूश. सहा महिन्यांनी विचारावं तर साडेबारा हजारांचं नेमकं काय झालं हे आठवत नाही, हप्ता मात्र प्रत्येकीच्या मानेवर. उलट, कर्ज काढण्याआधी एक बैठक फक्त यासाठी घ्या : कोणाला कशासाठी किती हवं आणि ते किती महिन्यांत परत येईल. एकीला पिठाच्या गिरणीला पन्नास हजार, एकीला गाईला चाळीस, एकीला दुकानात माल भरायला वीस, बाकीच्यांना काहीच नको. ज्यांना नको त्यांनी घेऊ नये. अभियानाच्या भाषेत हा सूक्ष्म पतआराखडा, आपल्या भाषेत यादी.

बँकेकडून ७ टक्क्यांनी घेतलेलं सदस्याला वर्षाला १२ टक्क्यांनी द्या. मधले पाच टक्के गटाकडे राहतात. एखादीचा हप्ता पुढेमागे झाला तर बँकेचा हप्ता त्यातून वेळेवर जातो. कर्ज गटाच्या नावावर असतं. एकीची थकबाकी ही बँकेसाठी बाराजणींची थकबाकी असते.

धंद्याबद्दल थोडक्यात. सगळ्यांनी मिळून एकच धंदा केला पाहिजे असं काही नाही. बाराजणींनी मिळून पापड लाटले, पण लाटणाऱ्या पाच आणि नफ्याला बारा, यातून भांडणं होतात. कोकमाची सोलं, फणसाचे तळलेले गरे, मिसकूट, खाजें, ज्याला जे जमतं ते जिचं तिने किंवा दोघी-तिघींनी करावं आणि गटाने भांडवल द्यावं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसायला मात्र पाळी लावून एकत्र जाता येतं, भाडं वाचतं. खाण्याची वस्तू पाकिटात घालून विकायची तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आधी करून घ्या.

कर्ज मोठं होऊ लागलं की विम्याचं बघा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याला वर्षाला ४३६ रुपये लागतात, वय १८ ते ५०, मृत्यूनंतर वारसाला दोन लाख. सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, अपघातासाठी, सत्तरीपर्यंत. दोन्ही बँक खात्यातून कापून जातात. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढे पैसे आहेत ना, हे त्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीला विचारा.

कुणी जातं तेव्हा

सदस्य जाते तेव्हा तिला तिची बचत अधिक व्याजातला वाटा मिळतो, त्यातून कर्जाची बाकी वजा होते. वाटा काढायला गटाला आजवर मिळालेलं व्याज आणि दंड एकत्र करा, खर्च वजा करा, बुडण्याची शक्यता असलेलं कर्ज असेल तर तेही वजा करा आणि सदस्यसंख्येने भागा. फिरता निधी यात धरू नका, तो गटाचा. मध्येच आलेल्या सदस्याला तिच्या येण्याआधीच्या व्याजात वाटा नसतो, म्हणून दर मार्चअखेर नफ्याचा आकडा काढून वहीत लिहून ठेवा, पुढे शोधाशोध करावी लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका गटातली बाई वारली. चार वर्षांची सदस्य, बचत ९,६००, व्याजातला वाटा १,१५० निघाला, कर्जाची बाकी ४,०००. बाराव्यानंतरच्या रविवारी तिची मुलगी पासबुक घेऊन बैठकीला आली. नियमांचं पान वाचून झालं, मग खातेवहीतलं आईचं पान तिच्यासमोर ठेवून एकेक नोंद पासबुकाशी ताडून पाहिली. सगळ्या जुळल्या. ६,७५० रुपये दोनदा मोजून तिच्या हातात दिले, तिने सही केली आणि त्यातलेच दोनशे चटईवर ठेवून आपलं नाव घालायला सांगितलं. नावावर ठराव झाला. तिचं पान नव्याने काढलं, क्रमांक तेरा, आणि आधीच्या व्याजात वाटा नाही ही ओळ तिला कोंकणीत सांगून झाल्यावरच पहिली नोंद झाली.